वर्कटॉप घरी कापायचाय: सर्क्युलर सॉ, ट्रॅक सॉ की जिगसॉ?

लॅमिनेटचा वर्कटॉप, म्हणजे ओट्यावरची जाड फळी, कापताना दोन गोष्टी बिघडतात: काप तिरका जातो किंवा कडेचे टवके उडतात. तिरकेपणावर सरळ पट्टीचा इलाज आहे. टवक्यांचं मूळ पात्याच्या दिशेत असतं. दात ज्या बाजूने फळीत शिरतात ती बाजू स्वच्छ राहते आणि ज्या बाजूने बाहेर पडतात तिथला कडक थर उचकटतो. यंत्र निवडताना मी आधी हेच बघतो.

हातातल्या सर्क्युलर सॉचे, म्हणजे गोल पात्याच्या करवतीचे, दात खालून वर कापत येतात. म्हणून फळी पालथी ठेवायची आणि खुणा मागच्या बाजूला करायच्या. साधारण ३८ ते ४० मिमी जाडीची फळी १६५ मिमीच्या पात्याला सहज झेपते. मात्र सॉबरोबर बऱ्याचदा २४ दातांचं पातं येतं. ते काढून ४० किंवा जास्त बारीक दातांचं लावा; निम्मा फरक तिथेच पडतो. पट्टी क्लॅम्पने घट्ट आवळा. पुढची कड गोल असेल तर काप तिथूनच सुरू करून मागे न्या, म्हणजे शेवटी टवका उडालाच तरी तो भिंतीकडे जातो. कापून पडणाऱ्या तुकड्यालाही खालून आधार हवाच. नाहीतर फळी लवते, पातं चिमटलं जातं आणि सॉ अंगावर उसळतो.

ट्रॅक सॉ म्हणजे रुळावरून सरकणारा सर्क्युलर सॉ. त्याचेही दात खालून वरच येतात, पण त्याच्या रुळाची रबरी कड कापाच्या रेषेवर लॅमिनेट दाबून धरते. त्यामुळे फळी सुलटीच ठेवता येते. आधी २-३ मिमी खोल एक हलका काप आणि मग पूर्ण खोल, असं केलं तर कड फारच सुंदर येते. एखाद-दुसऱ्या कापासाठी मात्र तो विकत घेऊ नका. भाड्याने मिळाला तर उत्तम, नाहीतर साधा सर्क्युलर सॉ, चांगलं पातं आणि पट्टी एवढ्यावर काम होतं.

जिगसॉने, म्हणजे वर-खाली चालणाऱ्या अरुंद पात्याच्या करवतीने, लांब सरळ काप घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एवढ्या जाडीत पातळ पातं आतल्या आत वाकतं. वरची रेघ सरळ दिसते आणि खालची भलतीकडे गेलेली असते. सिंक बसवायचं भोक कापायला मात्र त्याला तोड नाही. कोपऱ्यांत १०-१२ मिमीची भोकं पाडा, पेंड्युलम (पातं पुढे-मागे झुलवण्याची सोय) बंद ठेवा आणि खाली कापणारं उलट्या दातांचं पातं लावा. हे पातं यंत्राला वर ढकलतं, म्हणून जिगसॉ दाबून धरावा लागतो. थोडे टवके उडाले तरी सिंकची किनार ते झाकते.

दोन फळ्या काटकोनात जोडायच्या असतील तर या तिन्हींचं काम नाही. तिथे राउटर (लाकडात खाच कोरणारं यंत्र) आणि साचा लागतो; सवय नसेल तर तेवढा सांधा कारागिराकडून करून घ्या. ग्रॅनाइट किंवा क्वार्ट्‌झला यातलं काहीच चालत नाही, आणि त्याची सिलिकायुक्त धूळ फुप्फुसांना घातक असते.

कोणतंही यंत्र घेतलं तरी चष्मा, धुळीचा मास्क आणि कानांना संरक्षण हवंच; पातं बदलताना प्लग काढलेला असावा. कापलेली कड, विशेषतः सिंकभोवतीची, सिलिकॉन किंवा वॉर्निशने पूर्ण बंद करा. आतला पार्टिकल बोर्ड पाणी पिऊन एकदा फुगला की परत बसत नाही.