मागणीचा अंदाज सांगणारं टूल: आठ महिन्यांनंतर

साठेक वस्तू ऑनलाइन विकतो. बाटल्या, मोबाइल स्टँड, कव्हरं असला माल. पूर्वी रॅककडे नजर टाकायची आणि कमी वाटलं की ऑर्डर सोडायची, एवढंच माझं नियोजन. कधी चालू माल ऐनवेळी संपायचा, कधी न खपणाऱ्या मालात पैसे अडकून पडायचे. म्हणून हे टूल घेतलं. मागची विक्री बघून ते पुढच्या बारा आठवड्यांचा अंदाज देतं आणि कधी, किती मागवायचं तेही सुचवतं.

पहिले दोन महिने मी त्याला शिव्याच घातल्या. एक लिटरची काळी बाटली माझी सगळ्यात चालणारी वस्तू, आणि टूल म्हणतंय दिवसाला 5 जातील! वैतागून मागच्या महिन्याची रोजची विक्री उघडली. 30 दिवसांत 156 बाटल्या गेलेल्या, म्हणजे सरासरी दिवसाला साधारण 5, टूलचा आकडा बरोबरच. पण त्यातले 17 दिवस माझ्याकडे मालच नव्हता. उरलेल्या 13 दिवसांत रोज 12 गेल्या होत्या. माल नाही म्हणून विक्री शून्य, आणि टूलने त्याचा अर्थ लावला गिऱ्हाईक नाही. त्यावर विसंबलो असतो तर कमी माल मागवला असता, तो पुन्हा लवकर संपला असता, आणि पुढचा अंदाज आणखी खाली गेला असता. सेटिंगमध्ये ‘स्टॉक नसलेले दिवस वगळा’ असा पर्याय आहे. तो मुळात बंद का ठेवलाय हे मला आजही कळलेलं नाही.

सेलचं उलटं. चार दिवस सूट दिली, विक्री उसळली, आणि टूलने तोच वेग पुढेही धरला. त्या भरवशावर मागवलेल्या स्टँडची खोकी अजून पडून आहेत. आता सेलच्या तारखा आधीच नोंदवून ठेवतो.

खरा फरक पडला तो सेफ्टी स्टॉकमुळे, म्हणजे अडीनडीला हाताशी ठेवायच्या जादा मालामुळे. बाटली रोज 12, त्यात साधारण 5 चा चढउतार, ऑर्डरनंतर माल यायला सप्लायर सांगतो 21 दिवस. शंभरातल्या 95 वेळा माल संपू नये असं धरलं तर 21 दिवसांच्या 252 वर 38 जादा, म्हणजे 290 उरल्या की ऑर्डर टाकायची. पण सप्लायरचे 21 दिवस कधी 17 होतात, कधी 26. हा साधारण 4 दिवसांचा मागेपुढेपणा हिशोबात घेतला की 38 चे थेट 88 होतात. मी इतके दिवस अंदाज चुकला म्हणून बोंब मारत होतो, आणि भोक होतं सप्लायरच्या तारखांमध्ये. आता प्रत्येक लॉट प्रत्यक्ष हातात आल्याची तारीख टाकतो. कंटाळवाणं काम आहे, पण आठ महिन्यांत सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

पिवळ्या कव्हरासारख्या दहा दिवसांतून एखादं जाणाऱ्या वस्तूंपुढे मात्र टूल हात टेकतं. रोज 0.1 कव्हर जाईल म्हणे! अशा तुटक मागणीसाठी क्रॉस्टन यांची 1972 ची पद्धत आहे. दोन विक्रींमधलं अंतर आणि एका वेळी गेलेले नग यांचा ती वेगवेगळा अंदाज घेते. टूलमध्ये ती आहेही, पण दर वस्तूला हाताने निवडावी लागते. मी ते सोडून दिलं. असली कव्हरं दोन-दोन ठेवतो, संपली तर संपली.

नव्या वस्तूला इतिहासच नसतो, तिथे जवळच्या जुन्या वस्तूचे आकडे जोडता येतात. चारदा करून पाहिलं, दोनदा जमलं. आणि अंदाजाचा एकच आकडा बघू नका, खालची-वरची मर्यादाही दिसते ती बघा. काळ्या बाटलीची पट्टी अरुंद आहे, नव्या स्टँडची एवढी रुंद की तिथे मी पहिला लॉट लहानच मागवतो.

पुढच्या वर्षाची वर्गणी भरली आहे. आपोआप ऑर्डर टाकायचं बटण मात्र अजून बंदच ठेवलंय.