शेडिंगचं साहित्य आठ महिने वापरल्यानंतर: काय टिकलं, काय कपाटात गेलं

पेन्सिलींचा संच, चित्रकलेचा कार्ट्रिज पेपर, पुटी रबर (कणकेसारखं मळता येणारं खोडरबर), कागदी स्टंप (छटा पुसून मिसळायची कागदाची घट्ट गुंडाळी) आणि मान वाकवता येणारा टेबल लॅम्प. जेवणं उरकली की रात्री हे सगळं घेऊन बसतो. यात पैसे खरे वसूल झाले ते लॅम्पचे.

खोलीत दोन ट्यूब चालू असल्या की सरावासाठी समोर ठेवलेल्या एका अंड्याला दोन पडछाया पडतात, एकमेकींवर चढतात, आणि नवशिक्याला छायाप्रकाश दिसतच नाही. ट्यूब बंद करून लॅम्प डावीकडून, थोडा वरून लावा. (डावखुऱ्यांनी उजवीकडून, नाहीतर आपल्याच हाताची सावली कागदावर येते.) मग त्याच अंड्यावर चकाकी, उजेड, मधल्या छटा, गडद पट्टा आणि खालच्या कडेला टेबलावरून उसळलेला मंद उजेड, सगळं वेगवेगळं दिसायला लागतं.

घोळ होतो तो या शेवटच्या उजेडापाशी. तो हाताने नेहमी जास्तच पांढरा ठेवला जातो आणि अंडं काचेचं वाटायला लागतं. डोळे किलकिले करून बघा. तो सावलीतच मिसळून जातो. म्हणजे उजेडाच्या बाजूच्या कुठल्याही छटेपेक्षा तो गडदच हवा. पडछायेचंही तसंच: अंडं टेबलाला टेकतं तिथे ती सगळ्यात काळी आणि रेखीव, लांब जाईल तशी फिकी आणि कडेला विरलेली.

अंडंच का? पांढऱ्या वस्तूवर रंग मध्ये येत नाही, नुसती छटा दिसते. 1857 साली सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी पांढऱ्या प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटनं करत आले, त्याचा एक फायदा हाच. अंडं म्हणजे आपलं स्वस्तातलं प्लास्टर.

पेन्सिलींपैकी झिजल्या त्या एचबी, 2बी आणि 4बी (बीचा आकडा वाढेल तशी पेन्सिल मऊ आणि काळी, एचचा वाढेल तशी कडक). ग्रॅफाइटमध्ये चिकणमाती कमी-जास्त करून पेन्सिल मऊ-कडक करायची युक्ती फ्रेंच संशोधक कॉन्तेची, 1795 ची; आजही तेच चालतं. माती जास्त असलेली 2एच जोरात दाबली तर काळी होत नाही, कागदावर चर मात्र पाडते. 8बीचा दाट थर तिरक्या उजेडात चमकतो, फोटोत तर फारच. त्यापेक्षा 4बीचे हलक्या हाताने थरावर थर द्या. कागद 150 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 150 ग्रॅम वजनाचा), किंचित खरखरीत असू द्या. प्रिंटरचा गुळगुळीत कागद दोन-तीन थरांनंतर काही धरत नाही.

पुटी रबर मात्र घ्याच. घासायचं नाही, टोक करून टिपायचं. चकाकी अलगद उचलून निघते. उन्हाळ्यात ते चिकट होतं, तेव्हा बंद डबीत ठेवा.

स्टंप कपाटात गेला. त्याने सगळ्या छटा एकाच करड्या धुरात जातात. बोटाने पुसणं त्याहून वाईट, कातडीच्या तेलाचे डाग बसतात.

स्टीलच्या वाटीला एवढ्यात हात लावू नका. तिच्यावर सावलीपेक्षा खोलीचं प्रतिबिंबच जास्त असतं. अंड्यानंतर लिंबू, मग मातीचं मडकं घ्या. त्याला चकाकी जवळजवळ नसतेच, त्यामुळे मधल्या छटांचा चांगला सराव होतो.