कोच ठेवायचा की बदलायचा? गुणतक्ता आणि प्रत्यक्ष खेळ शेजारी ठेवून

फुटबॉल संघ ओळीने पाच-सहा सामने हरला की गुणतक्ता पुढे करून कोचची हकालपट्टी मागितली जाते. तेवढेच जिंकला की त्याच तक्त्याच्या जोरावर करार वाढतो. दोन्ही वेळा पुरावा तोकडाच असतो.

दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा. कोच युर्गन क्लॉप यांचा डॉर्टमुंड हा क्लब 2013-14 मध्ये जर्मन लीगमध्ये दुसरा होता. फेब्रुवारी 2015 मध्ये तोच संघ घरच्या मैदानावर ऑग्सबर्गकडून हरल्यावर अठराव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर होता. पण अपेक्षित गोलांचा, म्हणजे एक्सजीचा हिशेब (प्रत्येक फटक्याचा गोल होण्याची शक्यता किती, याची बेरीज) वेगळं सांगत होता. संधी निर्माण होत होत्या, गोल होत नव्हते. क्लबने कोच बदलला नाही आणि हंगाम सातव्या क्रमांकावर संपला. दुसरीकडे ओले गुन्नार सोल्शायर. डिसेंबर 2018 मध्ये ते इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेडचे हंगामी, म्हणजे तात्पुरते कोच झाले. 19 पैकी 14 सामने जिंकल्यावर मार्च 2019 मध्ये त्यांना कायम केलं. त्यानंतर त्या हंगामातल्या 10 सामन्यांत विजय फक्त दोन. या नेमणुकीला सगळ्यात जास्त बळ दिलं ते पॅरिसमध्ये पीएसजी क्लबवरच्या 3-1 विजयाने. त्यातला पहिला गोल पीएसजीचा बचावपटू केहररच्या आखूड बॅकपासमुळे, दुसरा त्यांचा गोलरक्षक बुफॉनच्या हातून चेंडू निसटल्यामुळे, आणि तिसरा व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ पाहून दिलेल्या पेनल्टीवर. जिद्द वादातीत, पण हे गोल कोचच्या आखणीतून आलेले नव्हते.

म्हणून आधी एक्सजीचा फरक काढा: आपण तयार केलेल्या संधी वजा प्रतिस्पर्ध्याला दिलेल्या संधी. किमान 10 सामन्यांची सरासरी घ्या. पेनल्टी बाजूला काढा, कारण एक पेनल्टी म्हणजे जवळजवळ पाऊण गोल आणि ती आकडा फुगवते. लाल कार्डानंतरची मिनिटंही वगळा. इथे बहुतेकांची एक चूक होते. पिछाडीवरचा संघ जास्त फटके मारतो, कारण आघाडीवरचा संघ मागे सरकून बसतो. त्यामुळे 0-2 ने हरणाऱ्या संघाचा एक्सजीही देखणा दिसू शकतो. स्कोअर बरोबरीत असतानाची मिनिटं वेगळी काढलीत तरच खरं चित्र दिसतं. फरक चांगला असून गुण कमी पडत असतील तर थांबा. दोन्ही एकत्र घसरत असतील तर कोचला प्रश्न विचारायची वेळ आली आहे.

गुणांची तुलना मात्र मागच्या हंगामातल्या त्याच सामन्यांशी करा. सुरुवातीलाच वरच्या पाच संघांशी गाठ पडली असेल तर सरासरी आपोआप खाली येते. क्लबच्या पगारखर्चाचा लीगमधला क्रमांकही बघा. पगारात बारावा असलेला संघ आठवा आला तर तक्रार कसली?

नेतृत्व मोजणं अवघड, आणि पत्रकार परिषद हा त्याचा सगळ्यात निरुपयोगी पुरावा. त्यापेक्षा गोल खाल्ल्यानंतरची दहा मिनिटं बघा: संघाची रचना टिकते की प्रत्येक जण आपापल्या मनाने धावतो? चेंडू गमावल्यावर प्रेसिंग, म्हणजे तो परत मिळवायला प्रतिस्पर्ध्यावर लगेच धावून जाणं, होतं का? काही आठवडे प्रेसिंग सतत मंदावत असेल आणि दुखापती किंवा दाटीवाटीचं वेळापत्रक हे कारण नसेल, तर ड्रेसिंग रूम हातातून निसटतेय. बड्या खेळाडूला शिस्त लागू होते का, हेही पाहा. इंग्लंडचा आर्सेनल क्लब सलग दोनदा आठव्या क्रमांकावर राहिल्यानंतरच्याच हंगामात, डिसेंबर 2021 मध्ये, कोच मिकेल आर्तेता यांनी शिस्तभंगावरून ओबामेयांगचं कर्णधारपद काढलं. त्या हंगामात संघ पाचवा आला आणि पुढचे दोन हंगाम दुसरा.

राहिला प्रश्न 'नवा कोच आला की उसळी येतेच' या समजाचा. डच लीगच्या 1986 ते 2004 या काळाच्या अभ्यासात दिसलं की कोच न बदललेले क्लबही तशाच घसरणीतून तितपतच सावरले. घसरण तळाला टेकली की कोच हाकलला जातो, मग सरासरीकडे परतण्याचं श्रेय नव्या माणसाला मिळतं. म्हणून हंगामी कोचला कायम करायची घाई नको. त्याचे किमान 10 सामने वरच्याच गाळणीतून काढा, आणि बाहेरच्या एखाद्या उमेदवाराशी तोवर बोलणी चालू ठेवा.