घड्याळ परत आलं, मशीन मात्र दुसरंच

आई-वडिलांच्या वेळचं ओमेगा, लाँजिन, टिसो असं काही ज्यांच्या कपाटात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. बनावट घड्याळ गळ्यात मारल्याच्या कहाण्या आपण खूप ऐकतो. माझ्या बाबतीत झालं ते निराळं. घड्याळ अस्सल ओमेगा, घरचं. सर्व्हिसिंगला दिलं आणि आतलं मशीन काढून त्यात दुसरं बसवून परत आलं. दुसरंही ओमेगाचंच. म्हणजे झाकण उघडून नाव बघणाऱ्यालाही संशय येऊ नये.

बाबा मर्चंट नेव्हीत होते. त्यांनी सिंगापूरला घेतलेलं स्टीलचं सीमास्टर, ऑटोमॅटिक, तीनच्या जागी तारखेची खिडकी. आत ५६५ क्रमांकाचं मशीन. हे १९६६ पासूनचं, तांबूस झळाळीचं, आणि जुन्या घड्याळांच्या नादी लागलेल्यांचं लाडकं. त्याची एक खोड आहे. काटे फिरवण्यासाठी चावी जितकी बाहेर ओढतो, तिच्याही पुढे आणखी एक ओढ दिली की तारीख टुणकन एकाने पुढे सरकते. तीस दिवसांचा महिना संपला की बाबा चहा पिता पिता ती ओढ द्यायचे. ते गेल्यावर मी देते.

घड्याळ मागे पडू लागलं म्हणून मुंबईला फोर्टातल्या एका जुन्या दुकानात दिलं. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. मालक अतिशय गोड माणूस. "ताई, अशी घड्याळं आता येतात कुठे? मी स्वतः बसेन याच्यावर." पावतीवर लिहिलं, 'ओमेगा १ नग, सर्व्हिस.' बस, एवढंच. आणायला गेले तेव्हा घड्याळ लखलखत होतं. डायलसुद्धा. "थोडी डागाळली होती, साफ करून दिली, त्याचे पैसे लावले नाहीत हां."

ही 'साफ करणं' भानगड नीट समजून घ्या. साठ वर्षं जुनी डायल साफ होत नाही, ती खरवडून नव्याने रंगवली जाते. आधी सहाच्या खाली मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत 'टी स्विस मेड टी' होतं. त्या काळी काट्यांवर नि खुणांवर ट्रिटियमचा उजेडी रंग लावत, त्याचा तो 'टी'. नव्या डायलवर नुसतं 'स्विस मेड' उरलं, तेही जरा तिरकं. 'सीमास्टर'मधला एस जाडा झाला. मिनिटांच्या रेघा आणि तासांच्या खुणा एका रेषेत येईनात. मुंबईत रंगवलेल्या अशा घड्याळांना परदेशातले हौशी लोक 'मुंबई स्पेशल' म्हणून हिणवतात, आणि खरं सांगायचं तर त्यात खोटं काही नाही. मूळ डायल, डागांसकट, हीच जुन्या घड्याळाची अर्धी किंमत असते. ती गेली की परत येत नाही.

डायलवरून मी चिडलेच होते. मशीनचं मात्र जूनअखेरीला कळलं. नेहमीसारखी चावी ओढली, तारीख हलेना. पुन्हा ओढली, तेच. पुण्यातल्या ज्या कारागिराकडे मी माझी एचएमटी आणि फेवर-ल्युबा नेते, त्याने झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाला, "ताई, हे ५६२ आहे." ५६२ म्हणजे त्याच घराण्यातलं, पण आधीचं मशीन. मापाला तेच, घड्याळाच्या केसमध्ये चपखल बसतं, तारीखही दाखवतं, फक्त चावीने ती सरकत नाही. काटे फिरवूनच बदलावी लागते. ओमेगाच्या प्रत्येक मशीनवर त्याचा स्वतंत्र आकडा कोरलेला असतो. बाबांच्या घड्याळाचा २६ ने सुरू व्हायचा, म्हणजे १९६८ च्या सुमाराचा. हा २० ने सुरू होत होता, १९६३ च्या आसपासचा. जुन्या आकड्याचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. मागे कधी झाकण उघडलं होतं तेव्हा हौसेने काढलेला. तो नसता तर बोलायलाच जागा नव्हती.

हे करून मिळतं काय? ओमेगा सुटे भाग कुठल्याही दुकानदाराला विकत नाही, मग एका घड्याळातले काढून दुसऱ्यात घालायचे. चांगलं मशीन चांगल्या गिऱ्हाइकाच्या घड्याळात जातं. ज्याला कळणार नाही असं वाटतं, त्याला उरलंसुरलं. शिवाय घड्याळ व्यवस्थित चालतं, त्यामुळे बहुतेक लोक आभार मानून घरी जातात. जोडकाम कुठवर जातं बघा. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हातल्या फिलिप्सच्या लिलावात १९५७ सालचं ओमेगाचं एक स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकांवर गेलं. घेतलं खुद्द ओमेगाने, आपल्या संग्रहालयासाठी. पुढे २०२३ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की ते निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून बनवलेलं होतं.

मी फोर्टात परत गेले. आधी "तेच मशीन आहे." फोटो दाखवल्यावर "तुमच्या मशीनचा बॅलन्स गेला होता, फोनवर सांगितलं होतं ना?" बॅलन्स म्हणजे मशीनचा ठेका धरणारं चाक. फोन कधीच आला नव्हता. मग जुनं मशीन द्या म्हटलं, तर "भंगारात गेलं." मी उठेना. शेवटी त्याने खणातून एक डबी काढली, "घ्या, ५६५, मिटवून टाका." मी ते मशीन भिंगाखाली धरलं. आकडा २४ ने सुरू होणारा. तेही आमचं नव्हतं. फोटो काढला तशी त्याने डबी हिसकावून घेतली.

ते मशीन मी घेतलं नाही. ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. २०१९ च्या कायद्याने ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ वर फोन केला तर वाट दाखवतात. वकिलांनी पहिलं काय विचारलं असेल, तर पावतीवर मशीनचा आकडा आहे का. नव्हता. आता मी कुठलंही घड्याळ देताना समोर झाकण उघडायला लावते, मशीनचा आणि डायलचा फोटो काढते, पावतीवर आकडा लिहून सही घेते, आणि 'डायलला हात लावायचा नाही' हेही त्याच पावतीवर. जो दुकानदार याला नाक मुरडतो, त्याच्याकडून घड्याळ उचलून बाहेर पडते.

तुमच्या घरचं तारखेचं सीमास्टर फोर्टात जाऊन आलं असेल आणि आता चावी ओढून तारीख सरकत नसेल, तर झाकण उघडून आकडा बघा. २४ ने सुरू होणाऱ्या त्या मशीनचा फोटो माझ्याकडे आहे.