दाविंची रिझॉल्व्ह स्टुडिओ: एक लायसन्स, मॅकवर आणि विंडोजवरही

लग्नाचे व्हिडिओ, यूट्यूब चॅनेल, छोट्या जाहिराती करणाऱ्यांकडे हल्ली एक ठरलेली जोडी दिसते. स्टुडिओत एनव्हिडियाचं कार्ड लावलेला विंडोजचा पीसी आणि बॅगेत मॅकबुक. अशा जोडीसाठी एडिटिंगचं सॉफ्टवेअर घ्यायचं म्हटलं की पैसे एकदा भरायचे का दोनदा, हा हिशोब आधी येतो. फायनल कट प्रो विंडोजवर चालतच नाही, म्हणजे ते बाद. ॲडोबीचं सबस्क्रिप्शन मॅक-विंडोज असा भेद करत नाही आणि दोन यंत्रांवर साइन-इन होऊ देतं, पण दोन्हीकडे एकाच वेळी काम करायची मुभा नाही आणि भाडं काही संपत नाही. ब्लॅकमॅजिक डिझाइनच्या दाविंची रिझॉल्व्ह स्टुडिओची किंमत २९५ डॉलर. एकदाच भरायचे. त्या बदल्यात एक लायसन्स की मिळते आणि ती दोन कॉम्प्युटरवर चालते. मग ते मॅक असोत, विंडोज असोत की लिनक्स.

ही की २०१७ साली १४व्या आवृत्तीबरोबर आली. त्याआधी विंडोजवर स्टुडिओ आवृत्ती हवी तर यूएसबी डाँगलला, म्हणजे लायसन्स असलेल्या पेनड्राइव्हसारख्या काडीला, पर्याय नव्हता. त्या वेळी घेतलेली की आज २०व्या आवृत्तीवरही चालते, मधल्या एकाही अपग्रेडचे पैसे पडलेले नाहीत. सॉफ्टवेअरच्या बाजारात हे विरळाच.

लायसन्सपुरतं बोलायचं तर काम पाच मिनिटांचं आहे, फक्त इन्स्टॉलर बरोबर उतरवा. ब्लॅकमॅजिकच्या साइटवर ‘दाविंची रिझॉल्व्ह’ आणि ‘दाविंची रिझॉल्व्ह स्टुडिओ’ असे दोन वेगळे इन्स्टॉलर असतात. पहिला फुकटचा. त्यात की टाकायची जागाच नाही, आणि ‘की चालत नाही’ म्हणून डोकं धरून बसलेल्या बऱ्याच जणांनी तोच टाकलेला असतो. स्टुडिओचा इन्स्टॉलर फुकट आवृत्तीवरच चढवला तरी जुने प्रोजेक्ट जागेवर राहतात. पहिल्यांदा उघडल्यावर की विचारली जाते, त्या वेळी इंटरनेट हवं. दुसऱ्या यंत्रावर त्या सिस्टीमचा स्टुडिओ इन्स्टॉलर उतरवून तीच की टाकायची. खातं उघडणं नाही, साइन-इन नाही. दोन्ही यंत्रं एकाच वेळी चालू राहतात, म्हणून पीसीवर चार तासांचं रेंडर लावून मॅकबुकवर पुढचं एडिट सुरू करता येतं. ॲडोबीच्या अटींत हे बसत नाही.

तिसऱ्या यंत्रावर की टाकली तर मर्यादा संपल्याचं सांगून आधीची ॲक्टिव्हेशन काढून टाकायची का, असं विचारलं जातं. हो म्हटलं की जुनी यंत्रं सुटतात आणि हे नवं धरलं जातं. मदरबोर्ड बदलला किंवा विंडोज नव्याने टाकलं तर तेच यंत्र तिसरं म्हणून मोजलं जाऊ शकतं, तेव्हाही मार्ग हाच. फक्त त्यानंतर दुसऱ्या यंत्रावर की पुन्हा टाकावी लागते. म्हणून की कागदावर लिहून ठेवा. बाहेरगावी शूटवर असताना मॅकबुक की मागू लागला आणि ती स्टुडिओतल्या कपाटात असली, तर इलाज नाही.

खरेदीत चुकण्यासारखी जागा म्हणजे ॲपलचं ॲप स्टोअर. तिथेही स्टुडिओ आवृत्ती विकायला आहे, पण ती ॲपल आयडीला बांधलेली. तिची की हातात येत नाही, त्यामुळे विंडोजवर ती कधीच चालत नाही. घरात सगळे मॅकच असतील तर ती सोयीची आहे. जोडी मिश्र असेल तर मात्र की विक्रेत्याकडून किंवा ब्लॅकमॅजिककडूनच घ्या. आयपॅडचा मामला आणखी वेगळा: तिथली स्टुडिओ आवृत्ती ही ॲपमधली स्वतंत्र खरेदी आहे, डेस्कटॉपची की तिथे लागू होत नाही.

डाँगल अजूनही मिळतो. तो कितीही यंत्रांत लावा, ज्यात असेल ते चालतं. इंटरनेट लागत नाही, ॲक्टिव्हेशन मोजलं जात नाही. भाड्याच्या एडिट सूटमध्ये फिरणाऱ्या कलरिस्टला (व्हिडिओचे रंग ठरवणाऱ्याला) हाच बरा. पण एका वेळी एकच यंत्र, आणि हरवला तर बदली फुकट मिळेल अशी आशा धरू नये. एक पीसी आणि एक लॅपटॉप असणाऱ्याला कीच सरस.

मुळात पैसे भरायची गरज आहे का? मॅकवर कदाचित नसेल. फुकट आवृत्ती मॅकचं हार्डवेअर डिकोडिंग वापरते, त्यामुळे फोनचे किंवा मिररलेस कॅमेऱ्याचे एच.२६५ प्रकारात दाबून साठवलेले क्लिप तिथे बरे पळतात. विंडोजवर फुकट आवृत्तीत ते काम ग्राफिक्स कार्डाला मिळत नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो. महागडं कार्ड असूनही टाइमलाइन अडखळते ती यामुळेच. शिवाय फुकट आवृत्तीत अल्ट्रा एचडीच्या वरचं आउटपुट नाही, टेम्पोरल नॉइज रिडक्शन (लागोपाठच्या फ्रेम ताडून चित्रातले दाणे काढणं) नाही, मॅजिक मास्क (माणूस किंवा वस्तू आपोआप निवडणं) नाही. म्हणजे दोन यंत्रांपैकी पैसे वसूल होतात ते मुख्यतः विंडोजवर.

लायसन्स हद्द ओलांडतं, पण प्रोजेक्ट त्याच्यामागून आपोआप येत नाही. खरी मेहनत इथे आहे.

प्रोजेक्ट मॅनेजरमध्ये राइट क्लिक करून ‘एक्सपोर्ट प्रोजेक्ट’ केलं की डीआरपी फाइल मिळते. तिच्यात एडिट आणि ग्रेड (रंगांचं काम) असतो, फुटेज नसतं. फुटेजचा फक्त पत्ता असतो. विंडोजवर तो पत्ता ‘ई’ ड्राइव्हपासून सुरू होतो, मॅकवर ‘व्हॉल्यूम्स’ फोल्डरपासून. त्यामुळे तीच हार्ड डिस्क लावूनही सगळे क्लिप लाल दिसतात. प्रत्येक वेळी रीलिंक करत, म्हणजे क्लिपना फाइलचा नवा पत्ता दाखवत, बसण्यापेक्षा प्रेफरन्सेस, मीडिया स्टोरेज इथे जा. ड्राइव्हच्या यादीत ‘मॅप्ड माउंट’ नावाचा रकाना आहे. तिथे दुसऱ्या सिस्टीमवरचा पत्ता एकदा भरला की रिझॉल्व्ह तो स्वतः बदलून वाचतं. त्यासाठी विंडोजवर त्या डिस्कला डिस्क मॅनेजमेंटमधून कायमचं एक अक्षर द्या, नाहीतर आज ‘ई’ असलेली डिस्क उद्या ‘एफ’ होते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. विंडोजच्या एनटीएफएसवरचं मॅक वाचतो पण त्यावर लिहीत नाही. मॅकचं एपीएफएस विंडोजला कळतच नाही. एक्सफॅटचा तोटा इतकाच की त्यात जर्नलिंग (बदलांची आधी नोंद ठेवण्याची सोय) नाही. इजेक्ट न करता केबल खेचली तर फाइल बिघडायची शक्यता जास्त, म्हणून फुटेजची एकच प्रत असताना तिच्यावर भरवसा ठेवू नये.

फाइलच्या नावांकडे आपल्याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. मॅकवर फोल्डरला ‘हळद १२/५’ असं नाव देता येतं, विंडोजला ती तिरकी रेघ चालत नाही. प्रश्नचिन्हाचंही तेच. मराठी नावांत आणखी एक बारीक खोच आहे. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक सबंध अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि खाली वेगळा नुक्ता म्हणून. मॅकची जुनी एचएफएस प्लस डिस्क नावं दुसऱ्या तऱ्हेने साठवते, विंडोजवर टाइप केलेलं नाव बहुधा पहिल्या तऱ्हेचं असतं. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, पण एकेक अक्षर ताडून पाहणाऱ्या प्रोग्रॅमला ती दोन वेगळी नावं वाटू शकतात. ‘नवऱ्याकडचे’ हा फोल्डर समोर दिसतो आणि तरी रीलिंक होत नाही, तेव्हा आधी इथे संशय घ्या. फुटेजच्या फोल्डरला रोमन अक्षरं आणि अंक, मराठी सगळं टाइमलाइनवर, असा नियम केला की कटकट मिटते.

टाइमलाइनवरच्या मराठीतही फॉन्टची अडचण आहेच. मॅकवर कोहिनूर देवनागरी असतो, विंडोजवर निर्मला यूआय. एकाचा फॉन्ट दुसऱ्याकडे नसला की टायटल भलत्याच फॉन्टमध्ये दिसतं, ओळी तुटतात, नाव चौकटीबाहेर जातं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ किंवा गूगलचा ‘नोटो सान्स देवनागरी’ दोन्हीकडे टाका. दोन्ही फुकट आहेत, आणि फॉन्टची फाइल एकच ठेवा, म्हणजे जाडीची नावंही जुळतात.

साउंडला ऑडिओ युनिट प्रकारचे प्लगइन लावले असतील तर ते विंडोजवर दिसणार नाहीत, तो प्रकार फक्त मॅकचा. व्हीएसटी दोन्हीकडे आहे, पण त्या प्लगइनचं लायसन्स दोन यंत्रांना पुरतं का हे ज्याचं त्याने तपासायचं. रिझॉल्व्हसोबत येणारे फेअरलाइट एफएक्स कुठेही तसेच चालतात, आणि लग्नाच्या कामाला पुरून उरतात. लट (एलयूटी, म्हणजे रंग बदलणाऱ्या तयार फाइल) मात्र डीआरपीबरोबर येत नाहीत. प्रोजेक्ट सेटिंग्ज, कलर मॅनेजमेंटमध्ये ‘ओपन लट फोल्डर’ दाबून दोन्ही यंत्रांवर त्याच नावाच्या सबफोल्डरमध्ये त्याच फाइल ठेवाव्या लागतात.

रंगाच्या बाबतीत दोन्ही सिस्टीम एकमेकींशी पटवून घेत नाहीत, तेव्हा फायनल ग्रेड एकाच यंत्रावर करा. मॅकची कलरसिंक व्यवस्था रेक.७०९चं (एचडी व्हिडिओच्या रंगांच्या प्रमाणाचं) चित्र विंडोजपेक्षा थोडं उजळ दाखवते. मॅकवर सावल्या बरोबर वाटाव्यात म्हणून गडद केलेला ग्रेड पीसीवर शालूच्या घड्या काळ्या करून टाकतो. मॅकवरच ग्रेड करायचा असेल तर प्रेफरन्सेसमध्ये व्ह्यूअरसाठी मॅकचं डिस्प्ले प्रोफाइल वापरण्याचा पर्याय चालू करा आणि आउटपुटला रेक.७०९-ए ठेवा, मग क्विकटाइममध्ये दिसेल ते व्ह्यूअरशी बऱ्यापैकी जुळतं. पैसे असतील तर अल्ट्रास्टुडिओ किंवा डेकलिंक या ब्लॅकमॅजिकच्या व्हिडिओ आउटपुटच्या उपकरणांमधून वेगळ्या मॉनिटरला सिग्नल द्या, त्यात ऑपरेटिंग सिस्टीमचा हात लागत नाही.

लिनक्सवर हीच की चालते, पण सांभाळून. तिथे एच.२६४ आणि एच.२६५ फक्त स्टुडिओ आवृत्तीत उघडतात, आणि एएसी प्रकारचा आवाज तर स्टुडिओ आवृत्तीतही वाजत नाही. फोनचा एमपी४ टाइमलाइनवर चित्र दाखवतो आणि मुका राहतो. एफएफएमपेग या फुकट प्रोग्रॅमने चित्र जसंच्या तसं ठेवून आवाज पीसीएममध्ये (न दाबलेल्या प्रकारात) बदलायचा आणि एमओव्ही म्हणून साठवायचं, हा रोजचा सोपस्कार. शिवाय लिनक्सला लहान-मोठी अक्षरं वेगळी वाटतात. विंडोजवर खपून गेलेलं नाव तिथे अडतं. दोन यंत्रांपैकी एक लिनक्स असेल तर क्लायंट बसलेला असताना ते वापरायचं धाडस करू नये.

अपग्रेडची घाई दोन्ही यंत्रांवर एकदम करा किंवा एकावरही नको. नव्या आवृत्तीने प्रोजेक्ट लायब्ररी (सगळे प्रोजेक्ट साठवणारा डेटाबेस) एकदा बदलून घेतली की जुनी आवृत्ती ती उघडत नाही, आणि नवी डीआरपी जुन्याला घेता येत नाही. घोडं अडतं ते बहुतेक मॅकच्या बाजूला: जुन्या मॅक-ओएसवर नवी रिझॉल्व्ह बसत नाही, पीसीवर मात्र ती केव्हाच चढलेली असते. अपग्रेडच्या आधी लायब्ररीचा बॅकअप घ्या आणि मॅकवर नवी आवृत्ती बसते का ते पाहूनच पीसीला हात लावा.

की स्वस्तात मिळवायचा सरळ मार्ग म्हणजे ब्लॅकमॅजिकचं हार्डवेअर. पॉकेट सिनेमा कॅमेरा ४के किंवा ६के आणि स्पीड एडिटर कीबोर्ड यांच्या खोक्यात स्टुडिओची की येते, आणि ती मॅक-विंडोज दोन्हीला लागू होणारी नेहमीचीच की असते. जुना कॅमेरा घेताना विक्रेता ‘कीसकट’ म्हणत असेल तर पैसे देण्याआधी आपल्या लॅपटॉपवर टाकून बघा. ती चालली तरी पुरेसं नाही, कारण तीच की त्याच्याकडेही लिहिलेली असू शकते. पुढे त्याने ती तिसऱ्या यंत्रावर टाकली की सुटणाऱ्या यंत्रांत तुमचंही असेल.