रिकामे आणि गैरहजर यांतला फरक जाणणारी ‘क्यूएस’

यूआरएलची क्वेरी स्ट्रिंग (पत्त्यातील प्रश्नचिन्हानंतरचा ‘नाव=किंमत’ असा भाग) तयार करण्यासाठी जावास्क्रिप्टमधील ‘क्यूएस’ ही लायब्ररी मी शोधफॉर्ममध्ये नियमितपणे वापरतो. ब्राउझरमध्ये याच कामासाठी असलेल्या यूआरएलसर्चपॅराम्सला थेट ऑब्जेक्ट (नाव-किंमत जोड्यांचा संच) दिला की न भरलेल्या, म्हणजे जावास्क्रिप्टच्या भाषेत अनडिफाइन्ड असलेल्या, शहराचे ‘शहर=अनडिफाइन्ड’ होते आणि सर्व्हर इमानेइतबारे त्याच नावाचे गाव शोधत बसतो; हा मनस्ताप ‘क्यूएस’मुळे टळतो, कारण ती अनडिफाइन्ड किंमत असलेली ‘की’ (म्हणजे नाव) पूर्णपणे वगळते.

खरी मेख नलची, म्हणजे ‘किंमत नाही’ असे मुद्दाम सांगणाऱ्या खुणेची आहे. मूळ सेटिंगमध्ये नल आणि रिकामी स्ट्रिंग या दोन्हींचे रूपांतर ‘शहर=’ असेच होते, त्यामुळे ‘वापरकर्त्याने मजकूर पुसला’ आणि ‘किंमतच नाही’ हा भेद वाटेतच हरवतो. स्ट्रिक्टनलहँडलिंग हा पर्याय चालू केल्यास नलसाठी बरोबरचे चिन्ह गाळून नुसते ‘शहर’ लिहिले जाते आणि पार्स करताना, म्हणजे स्ट्रिंग परत वाचताना, तोच पर्याय दिला तर नल जसाच्या तसा परत मिळतो. मात्र समोरचा सर्व्हर दुसऱ्या भाषेत लिहिलेला असेल, तर तो हा संकेत पाळेलच असे नाही. नल पाठवायचाच नसेल, तर स्किपनल्स हा पर्याय पुरेसा आहे.

रिकाम्या अ‍ॅरेबाबत (अ‍ॅरे म्हणजे किमतींची यादी) मात्र माझी तक्रार आहे. सगळे फिल्टर काढून टाकल्यावर उरलेला रिकामा अ‍ॅरे मूळ सेटिंगमध्ये निमूटपणे गायब होतो आणि सर्व्हरला बदल झाल्याचे कळतच नाही. अलाउएम्प्टीअ‍ॅरेज हा उपाय आता उपलब्ध असला, तरी तो आपल्याला स्वतःहून चालू करावा लागतो.