नेपाळमध्ये घरं बांधायला जायचंय? आधी पावसाचं विचारा

गोव्यात डिचोलीला छोट्या बांधकामांवर मी सुपरवायझर आहे. २०२४च्या सप्टेंबरमध्ये नेपाळच्या काभ्रे जिल्ह्यात घरबांधणीसाठी स्वयंसेवक म्हणून गेले आणि थंडी पडेपर्यंत राहिले. संस्थेचं नाव देत नाही. परतल्यावर बरेच जण विचारतात, जावं का? जरूर जावं. पण पाऊस आला तर काय करायचं, हे ज्या संस्थेने आधी ठरवलंय तिच्याकडेच सहभागाचे पैसे भरा.

आमच्या वेळापत्रकात पाया, जोते, भिंती असं सगळं दिवसागणिक मांडलं होतं. पावसासाठी राखून ठेवलेला दिवस एकही नव्हता. नेपाळमधून मान्सून साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीला माघार घेतो, म्हणजे सप्टेंबरअखेर तो तिथे असणारच. २७-२८ सप्टेंबरला काठमांडूच्या विमानतळावर २४ तासांत सुमारे २४० मिलिमीटर पाऊस झाला. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या माणसाला हा आकडा अगदीच नवा वाटणार नाही, पण तिथे तो उभ्या डोंगरउतारांवर कोसळला. देशभरात दोनशेहून जास्त माणसं गेली. रोशी नदीने काभ्रेतून जाणारा बीपी महामार्ग जागोजागी तोडून नेला. वाळू, सिमेंट, सळी, सगळंच अडलं. अशा वेळी घराचं काम थांबणं योग्यच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती संस्थेच्या कार्यालयाबद्दल. 'वाट बघा' यापलीकडे त्यांच्याकडून काही कळत नव्हतं. थांबलेल्या दिवसांच्या पैशांचं काय, याचं उत्तर मला शेवटपर्यंत मिळालं नाही.

साइट सावरली ती गावातल्या माणसांनी. तिथे गवंड्याला डकर्मी म्हणतात. आमचे डकर्मी दाइ (दाइ म्हणजे थोरला भाऊ) वयस्क, बोलणं मोजकं. पायाच्या चरात गुडघाभर पाणी साठलं होतं आणि कडा ढासळल्या होत्या. पाणी उपसल्यावर आमच्यातल्या काहींना लगेच पीसीसी, म्हणजे पायाच्या तळाचं बिनसळीचं काँक्रीट, करून गेलेला वेळ भरून काढायचा होता. दाइंनी तळाशी सळी रोवली, ती सहज आत गेली. मग घट्ट जमीन लागेपर्यंत त्यांनी सगळा चिखल काढायला लावला. त्यात बराच वेळ गेला, पण ते हटले नाहीत. आपल्याकडचा कुठलाही चांगला मेस्त हेच करील.

पाऊस चालू असायचा तेव्हा पत्र्याच्या शेडखाली आम्ही कॉलमच्या रिंगा, म्हणजे उभ्या सळ्यांना भोवतीने बांधून ठेवणारी कडी, वाकवायचो. दाइ प्रत्येक रिंगेचं टोक हाताने तपासायचे. हूक १३५ अंशात आत वळलेला हवा, ९० अंशात सोडलेला त्यांना चालत नसे. भूकंपात वरचं काँक्रीट उडालं की ९० अंशाचा हूक उघडतो आणि रिंग सळ्यांना धरून राहत नाही. २०१५चा भूकंप पाहिलेल्या माणसाला हे वेगळं पटवावं लागत नाही. सगळ्या मुक्कामात मला सर्वांत मोलाचं वाटलं ते हे काम, आणि ते वेळापत्रकात कुठेच नव्हतं. आता डिचोलीतल्या साइटवर मी एकेका रिंगेचा हूक बघून घेते. सुरुवातीला कामगार कुरकुरले, आता सवय झालीय.

सिमेंट जपायची पद्धतही चोख होती: पोती फळ्यांवर, भिंतीपासून लांब, वर ताडपत्री. गुठळ्या झालेलं पोतं कॉलमसाठी कुणीही वापरलं नाही. जेवण साधं आणि पोटभर, राहायची सोय ठीकठाक.

विम्याचा कागद मात्र नीट वाचा. बऱ्याच प्रवास विम्यांत अंगमेहनतीचं काम वगळलेलं असतं, त्यामुळे शिडीवरून पडलात तर भरपाई अडू शकते. प्रवास लांबल्याचा खर्च किती तासांनंतर मिळतो, तेही बघा.

गोव्यातल्या बांधकामवाल्यांची वेगळीच अडचण आहे. आपल्याला सवड पावसाळ्यात, कारण मिरग लागला की आपली बाहेरची कामं थांबतात. पण नेपाळमध्येही तेव्हा तोच मान्सून असतो. तिथे जायचं तर दसैं-तिहारचे सण आटोपल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात जा. तेव्हा आपल्याकडे कामाला जोर असतो, म्हणून रजेचं मालकाशी आधीच बोलून ठेवा.

पैसे भरण्यापूर्वी संस्थेकडून तीन गोष्टी लेखी घ्या. काम बंद राहिलं तर त्या दिवशी आम्ही काय करायचं, रस्ता तुटला तर आम्हाला कोण आणि कुठून बाहेर काढणार, आणि आम्ही निघून गेल्यावर अर्धवट राहिलेलं घर कोण पुरं करणार? तिसऱ्याचं उत्तर आमच्या संस्थेकडे होतं, गावातल्या डकर्मींना मजुरी देऊन. ते घर पूर्ण झालंय आणि कुटुंब तिथे राहायला गेलंय.